आईची सही

प्रिय दिन्को,

आईने केलेली सही तुझ्याविरुद्ध नव्हती. निदान तिला तसं वाटू नये, याची सोय मीच केली होती.

लग्न फक्त स्त्री-पुरुषाचंच, असं राज्यघटनेत लिहून घ्यायच्या सार्वमतासाठी सह्या घ्यायला आम्ही पोझेगा गावातल्या चर्चबाहेर टेबल मांडलं, तेव्हा कार्यकर्त्यांना मीच शिकवलं होतं, "कुणाविरुद्ध एक शब्द बोलायचा नाही. पुरुषा-पुरुषांच्या लग्नाचं तर नावच काढू नका. फक्त विचारा, लेकराला आई आणि बाप दोघं हवेत ना?" याला नाही कोण म्हणणार? लोक हसतमुखाने सह्या करत होते.

चर्चमधली मिस्साची प्रार्थना आटोपून आई आली. चष्मा शोधत म्हणाली, "नेवेन्का, आपल्या दिन्कोला न् वेद्रानला पुढेमागे एकमेकांशी लग्न करायचं झालं, तर यामुळे अडचण नाही ना गं?"

तिच्यामागे रांग होती. मी म्हणाले, "नाही गं, हे मुलांसाठी आहे."

तिने सही केली आणि दुपारी तुला फोनवर कौतुकाने सांगितलं. "बरं," म्हणून तू फोन ठेवलास, तो आजतागायत केला नाहीस.

काल वेद्रानसाठी विणलेल्या स्वेटरची घडी घालताना तिने विचारलं, "माझं काही चुकलं का गं?"

"कामात असेल तो," मी म्हटलं.

हे पत्र मी पाठवलं तर तू लगेच तिला फोन करशील. मग ती माझ्याकडे वळून विचारेल, "तुला माहीत होतं?" त्या एका प्रश्नाला भिऊन मी तुम्हा मायलेकांचं बोलणं अडवून बसले आहे.

तुझी ताई,
नेवेन्का