नळावर लावायचा कागद

धाकट्या,

आशीर्वाद नंतर, आधी बोलणी खा. गोळ्या घेणं सोडलंस आणि हात धुऊन धुऊन रक्त काढलंस, हे मला आईकडून कळावं? साथीमुळे सगळेच हात धुतात, म्हणून तुझा हात धुण्याचा जुना आजार गेला होय रे, शहाण्या?

मी बरी आहे. इस्पितळातल्या चादरी धुते, तोंड बांधूनच. गाड्या बंद, म्हणून येता येत नाही; टपाल तेवढं चालू आहे.

घरी मी मागून "झालं" म्हटलं की तू नळ बंद करायचास. फोनवरून रोज कोण म्हणणार? म्हणून खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय. फाडून नळावर चिकटव.

आईचा गुडघा कसा आहे? गोळी आजच घे आणि स्वतःच्या हाताने उत्तर लिही. शनिवारपर्यंत मला मिळालं पाहिजे. कागदावर रक्ताचा डाग दिसला तर बघ!

झालं. नळ बंद कर.
ताई