क्लचचा पाय

३ नोव्हेंबर, सोमवार

आज क्लच सापडला नाही.

लिहितानाही लाज वाटते. तीस वर्षं गाडी चालवतोय मी! नांदुऱ्याच्या अलीकडे पुढचा ट्रॅक्टर एकदम थांबला. मी ब्रेक मारला, डावा पाय दाबला — म्हणजे मला वाटलं दाबला. पाय क्लचवर नव्हताच. गाडीनं दोन गचके दिले अन् ट्रॉलीपासून हातभरावर बंद पडली. ट्रॉलीत कापसाच्या गाठोड्यांवर बाया बसल्या होत्या. त्या हसल्या. त्यांना वाटलं कोणी नवशिका आहे.

घरी येऊन दार लावून पाय चिमटून पाहिला. घोट्याच्या खाली काहीच नाही! कणकेच्या गोळ्याला चिमटा घ्यावा तसं. दिवाळीच्या आधीपासून मुंग्या येत होत्या, मी म्हटलं चप्पल टाईट असेल. शुगर नऊ वर्षांची आहे. संजीवनीला काही बोललो नाही. बायको एकदा घाबरली की गल्लीभर होतं.

५ नोव्हेंबर

देवानंदच्या टायरच्या दुकानापुढे नेहमीची बैठक. वडनेरात कुणालाही गाडी घ्यायची असली की आधी माझ्यापुढे येऊन बसतो. आज खुद्द देवानंदच. नवं मॉडेल निघालंय, त्याच्या मनात भरलंय. पण भानगड अशी — डिझेल हवं तर गिअरवालीच घ्या. ऑटोमॅटिक हवी तर पेट्रोल, आणि तेही सगळ्यात वरचं, सनरूफवालं मॉडेल.

देवानंद तापलेला. "मले डिझेल पाहिजे, अन् घरी सारिकाले चालवता यावी म्हणून ऑटोमॅटिक पाहिजे. दोन्ही एका गाडीत काऊन देत नाहीत बे? छतातून आभाळ पाहाचे पैसे म्या काऊन देऊ?"

जीवन मिरचीचा व्यापारी, रोज मलकापूर करतो. तो म्हणाला, "डिझेल अन् गिअर! बाकी सब खेळणे. इंद्रभानभाऊनंच सांगतलं नाही का — ज्याचा डावा पाय रिकामा, त्याचं डोकं रिकामं!"

माझंच वाक्य. दहा वर्षांपूर्वी मीच फेकलं होतं, तेव्हापासून गावभर फिरतंय. सगळे हसले. मीही हसलो. डावा पाय उजव्याखाली दाबून बसलो होतो.

८ नोव्हेंबर

मलकापूरला डॉक्टरकडे. ओळखीचा नको म्हणून नवीनच शोधला. "डोळे मिटा, टोचलं की सांगा." मी पापण्यांच्या फटीतून पाहून सांगत होतो! पन्नाशी उलटली आणि परीक्षेत कॉपी! त्यांच्या लक्षात आलं असावं. पायावर टॉवेल टाकला आणि परत टोचलं. मग मी गप्प.

"नसा गेल्यात. गाडी चालवता का?"

"नाही. मुलगा चालवतो."

मला मुलगा नाही. एकच लेक, काजल.

९ नोव्हेंबर

काजलच्या सासूबाईंचा बुलढाण्याहून फोन. ओटीभरण तेवीस तारखेला, रविवारी. त्याच दिवशी तिला बाळंतपणाला घेऊन यायचं. संजीवनी आनंदानं लाडवांचा हिशोब करत बसली. मी वाटेतल्या राजूर घाटातली वळणं मोजत बसलो.

१० नोव्हेंबर

शेतात जुनी गाडी घेऊन पन्नास वेळा क्लच दाबला. सदतीस वेळा नीट.

१२ नोव्हेंबर

बैठकीत हळूच बोलून पाहिलं — "तसं ऑटोमॅटिक काही वाईट नसते. घाटात आराम पडतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग जीवनचं हसू फुटलं. "भाऊ, तब्येत बरी हाय ना? तुमी अन् ऑटोमॅटिक!" देवानंद म्हणे, "भाऊ म्हातारे झाले बे!"

काय केलं मी? म्हणालो, "गंमत केली रे. तुमची परीक्षा पाहत होतो." आणि वर पाच मिनिटं क्लचचं गुणगान गायलं! घरी येऊन स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटली. मला मरणाची भीती नाही. लेक मागे बसलेली आहे आणि पाय खोटं बोलतोय, याची भीती वाटते. फार वाटते.

१५ नोव्हेंबर

कोणी ओळखू नये म्हणून थेट अकोल्याच्या शोरूमला गेलो, एसटीनं. मंजुश्री नावाची मुलगी शेजारी बसली, ऑटोमॅटिक माझ्या हाती दिली. पाणी! नुसती सरकते. गिअरची कटकट नाही, काही नाही. मला तर हायसं वाटलं.

पुढे सिग्नल आला आणि घात झाला. सवयीनं डावा पाय उठला, क्लच शोधायला गेला आणि तिथल्या रुंद ब्रेकवर थाडकन बसला. गाडी जागच्या जागी! मंजुश्रीचं डोकं आपटता आपटता राहिलं. मागच्यानं शिव्या घातल्या.

"काका, होतं असं. गिअरवाले सगळे पहिल्या दिवशी हेच करतात. डावा पाय सीटखाली घ्या आणि त्याला विसरून जा."

विसरून जा म्हणे! पोरी, त्यानंच मला विसरून टाकलंय. डोळ्यांत पाणी आलं, मी आरशात पाहायचं नाटक केलं.

परतताना विचारलं, कधी मिळेल? ऑटोमॅटिकला चार महिने थांबावं लागेल. गिअरवाली उद्या घेऊन जा.

१८ नोव्हेंबर

संजीवनी म्हणते, "तुमी आजकाल चिडचिडे काऊन झाले? घाटात जाचं टेन्शन असन त भाड्याची गाडी करू." मी खेकसलो — इंद्रभानची लेक भाड्याच्या गाडीत येईल होय? ती आत निघून गेली. मला तर भाड्याचीच गाडी हवी होती! मग तोंडातून असं का निघतं?

२१ नोव्हेंबर

रात्रभर तेच. जाग आली की पाय दाबून बघतो.

सकाळी जीवनकडे गेलो. खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. दारात त्याच्या आईनं विचारलं, "पाय बरा हाय ना, लंगडून राह्यला तू?" आणि माझी जीभ फिरली. म्हणालो, कंबर धरलीय. रविवारी गाडी तू चालव.

जीवननं विचारलं, "म्या? घाटात?" मग म्हणाला, "हाव भाऊ. तुमी म्हणसान तसं."

त्याच्या हातात स्टिअरिंग म्हणजे काळजी नाही. पंधरा-वीस दिवसांनी आज पोटभर जेवलो.

२३ नोव्हेंबर, रविवार

आलो! काजल सुखरूप घरी आहे. हिरव्या शालूत गोड दिसत होती पोर. संजीवनीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिला आत घेतलं.

घाटात जीवन फार हळू उतरला. मी पुढे शेजारी. दर वळणाला म्हणे, "भाऊ, तुमच्या बाजूचं सांगत जा." मोठ्या माणसाचा मान ठेवतो बिचारा. एकदा चाक पांढऱ्या पट्टीबाहेर गेलं, मी ओरडलो, "जीवन!" "दिसलं भाऊ, दिसलं." खाली मोताळ्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा त्याचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता, नोव्हेंबरात! काजल म्हणाली, "जीवनकाका किती सांभाळून चालवतात हो, बाबा." मी म्हटलं, चेला कुणाचा!

महाराज, तुमची कृपा. आता उद्याच संजीवनीला सगळं सांगतो.

२४ नोव्हेंबर

सांगितलं. रडली. मग माझा पाय मांडीवर घेऊन तेल लावत बसली. मला तिचा हात कळत नव्हता, पण ते बोललो नाही.

२६ नोव्हेंबर

आज जीवनलाही खरं सांगितलं. कंबर नव्हती रे, पाय होता. मला वाटलं हसेल, चिडवेल.

त्यानं माझ्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाला, "भाऊ, तुमी तवाच खरं सांगतलं असतं त म्याबी सांगतलं असतं. मले डाव्या डोळ्यानं दिसत नाही. काचबिंदू हाय. दीड वर्स झालं."

उतरताना दरी डावीकडे होती. काजल मागे, डाव्या खिडकीशी बसली होती.