तुझ्या वेळेवरचं घड्याळ

गुंड्या,

'प्रिय' लिहीत नाही. आत्ता समोर असतास तर कानच उपटले असते.

तू कधी ज्वालामुखीच्या तोंडाशी तंबू ठोकतोस, कधी पाण्याने भरलेल्या गुहेत शिरतोस आणि लोक फोटो बघून वाहवा करतात. इथे काय चालतं ते ऐक. बाबा दुकानातलं मोठं घड्याळ तुझ्या मुक्कामाच्या वेळेवर लावतात. घड्याळजीचंच दुकान, मग लोक डोळे झाकून विश्वास ठेवणार! शेजारच्या दातांच्या डॉक्टरांचे पेशंट ते बघून वेळ चुकवतात. मागे डॉक्टर तावातावाने भांडायला आले, तर बाबा म्हणाले, "हळू बोला हो, तिकडे अजून उजाडलं नाहीये."

मी तर डोक्याला हात लावला.

आणि आता तू नवीनच थेर केलंस. बर्फाच्या कड्यावर निघालोय, तिथून पुढे बघू, एवढं बोलून फोन बंद! पुढे म्हणजे कुठे? आज दुकानात गेले तर बाबांनी घड्याळाचा लंबक हाताने थांबवून ठेवलेला. जन्मभर लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू करून देणारा माणूस! मी वैतागून म्हटलं, "अहो, निदान इथली वेळ तरी लावा."

"ती कळून काय करू?" म्हणाले.

हे पत्र तरी कुठल्या पत्त्यावर टाकू? कधी येणार, असं मी विचारत नाही. तिथे किती वाजलेत, तेवढं फक्त कळव.

तुझ्यापुढे हात टेकलेली,
ताई