दुपारची घटका

१२ मार्च १९३१
पूर्णेकाठच्या पंपघराचा कारभार आजपासून माझ्याकडे. जठारपेठेतली कोंदट खोली सुटली एकदाची. नदीत उतरलेल्या नळाच्या तोंडाला बारीक जाळी आहे, मासे आत येऊ नयेत म्हणून. वर आलेलं पाणी हौदात निवळतं, गाळ तळाशी बसतो, नितळ पाणी शहराला जातं. जाळी साफ करणारे पुंजाराम नदीच्या वाळूत टरबुजं लावतात. त्यांच्या बायकोनं, सुभद्राबाईंनी, एक कापून दिलं. साखरेसारखं गोड होतं.

१९ मार्च
इथली रीत अशी की भर दुपारी घटकाभर इंजिन बंद ठेवायचं. पाण्याच्या ओढीनं जाळीला चिकटलेले मासे तेवढ्यात सुटून जातात. मला हसू आलं, पण रीत पाळतो आहे.

२ एप्रिल
शहरात पटकीची साथ. विहिरी बंद केल्या, सारी भिस्त आमच्या पाण्यावर. टाकी भरेना. दुपारीही इंजिन चालेल, असं मी सांगून टाकलं. पुंजाराम म्हणाले, "बाबूजी, मासोयाइले दम घेऊ द्या. नाई तं नदी तुमाले बी घेऊ देत नाई." असल्या धमक्या मी घरी बायकोच्याही ऐकत नाही.

३ एप्रिल
बाराच्या ठोक्याला छाती भरेना. तोंड उघडं, वारा समोर, पण आत काही जाईना. पंधरा आकडे मोजले, मग श्वास सुटला. ऊन लागलं असेल.

५ एप्रिल
आज शंभर मोजले. शेवटी खोकल्यातून गाळ पडला, काळा, ओला. इंजिन चालू ठेवून पुंजारामांनी हातानं मासे सोडवून पाहिले. ओढ इतकी, की एक निघेना. सारी जाळी माशांनी भरलेली, तोंडं वासून. मी भ्यालो. पण भ्यालो म्हणजे ऐकलं असं नव्हे.

७ एप्रिल
पाचशे — मेलो कसा नाही, कळत नाही. पुंजाराम रडत इंजिन बंद करायला धावले. मी कळच काढून घेतली. दवाखान्याचा निरोप आला, पाणी तोडू नका, आज नवे रोगी कमी. ऐकलंस, पूर्णाबाई? हटणार नाही मी.

८ एप्रिल
दार आतून लावलं. कळ मांडीखाली. पुंजाराम बाहेरून हाका मारताहेत — आज पुरी घटका, ठाऊक आहे —
बारा.
घशात गाळ — कागदावरही —
माशांना असंच होत असेल. कळलं मला. तरी इंजिन चालू. चालूच रा