मागची खोली, पुढची खोली

४ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला म्हणून तू गाल फुगवून बसली असशील. आधी बातमी ऐक, मग काय ते रागव. तुझी ठकी कृत्रिम पायांच्या वर्कशॉपची प्रमुख झाली. आतोबांनाही सांग, म्हणजे गल्लीभर कळवायचं काम माझ्याकडे राहणार नाही.

आता रडगाणं. आमच्याकडे पाय मिळायला लोकांना महिनोन् महिने थांबावं लागतं. संस्थेच्या मोठ्या मॅडमनी खुर्ची दिली आणि त्याच दमात बजावलं, की जूनपर्यंत ही रांग आटोक्यात आली नाही तर वर्कशॉप बंद. पाय कारखान्यातून तयार येतील आणि माझी माणसं कुठल्या कुठल्या विभागांत विखुरली जातील. साचेवाले काकांनी मला प्लॅस्टर कालवायला शिकवलंय गं. पट्टे शिवणारी बाई तर इतकं कमी बोलते की सगळे तिला अबोलीच म्हणतात, पण मी आजारी पडले तेव्हा रोज डबा घेऊन यायची. ही माणसं पांगली तर मला सहन होणार नाही.

पण काम अर्धवट सोडतात, त्याला काय करू? पट्ट्याची कड जाड राहते, पाय ज्यात बसतो ती वाटी आतून खरबरीत राहते. मग मागच्या खोलीत बसून प्रत्येक पायावर शेवटचा हात मी फिरवते, पुढच्या खोलीत नेऊन पेशंटला मी बसवते, टोचलं की दुरुस्तही मीच करते. बसवलेले कितीतरी पाय परत येतात, तेही माझ्याच डोक्यावर. पाठीचा पार भुगा झालाय. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात तू एवढ्या लोकांना कसं कामाला लावायचीस?

तुझ्या मोतीबिंदूचं काय ठरलं? टाळाटाळ करू नकोस. आतोबांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठकी


१९ जानेवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

अभिनंदन, प्रमुखबाई. अक्षर डोंगराएवढं दिसलं तर हसू नकोस, मला तेवढंच दिसतंय. तुझं पत्र ह्यांनी वाचून दाखवलं. अर्ध्यात थांबून म्हणाले, की पोरीच्या पत्रात सगळं मीच मी आहे. मी त्यांना गप्प केलं. पण बाई, म्हणाले ते खरं.

अगं, आपण घातलेली शिवण दुसरी बाई येऊन उसवणारच आहे हे माहीत असल्यावर कोण जीव ओतून शिवेल? तुझी माणसं आळशी नाहीत. तू त्यांच्या हातात काम पुरं होऊच देत नाहीस. आणि मला सांग, मागच्या खोलीतल्या किती जणांनी तो पाय घालून चालणारं माणूस पाहिलंय? माझ्या स्वयंपाकघरात जेवणं बेचव व्हायची. ओरडून ओरडून घसा बसला. शेवटी मी आचाऱ्यांनाच ताटं घेऊन वॉर्डात पाठवायला लागले. खाणाऱ्याचं तोंड पाहिल्यावर मला बोलायची गरज उरली नाही. तू तुझ्या माणसांना पुढच्या खोलीत ने. ज्याने केलं त्यानेच बसवायचं, बिघडलं तर त्यानेच बघायचं. तू हात बांधून उभी राहा.

डोळ्यांचं म्हणशील तर ऑपरेशनला सध्या वेळ नाही. मी पडून राहिले तर घर कोण बघणार? ह्यांना साधा चहा जमत नाही. स्वतःला जप.

तुझी,
आत्या


२६ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं आणि तोंडावर आपटले. आधी काम वाढलंच. साचेवाले काका पुढच्या खोलीत घामाघूम झाले. अबोलीने एका पोस्टमनच्या पायावरची जखम पाहिली, ती तिच्या पट्ट्याने झालेली. ती तशीच उठून मागे गेली, तो पट्टा कापून टाकला आणि नवा शिवायला बसली. आता ती प्रत्येक कड आधी स्वतःच्या दंडाला घासून बघते. पण वेळ लागतो ना. रांग वाढली तशा मॅडम चिडल्या.

मग माझा धीर सुटला. सगळे जेवायला गेले असताना मी एक वाटी गुपचूप घासायला घेतली आणि काकांनी नेमकं पाहिलं. ते एक शब्द वाईट बोलले नाहीत. त्यांनी हत्यारं पुसून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, की ताई, मग तुम्हीच करा. आत्या, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. तेव्हापासून हात खिशात घालून फिरते.

आता तुझी पाळी. मला शहाणपण शिकवतेस आणि आतोबांना गॅसजवळ उभं राहू देत नाहीस. तुझा आणि माझा आजार एकच आहे. ऑपरेशन करून घेतलंस तरच तुझा पुढचा सल्ला ऐकेन, नाहीतर कट्टी.

रागावलीस तरी जवळच धर.

तुझी,
ठकी


२१ एप्रिल

चि. ठकीस,
अ. उ. आ.

पत्र ह्यांच्या हातचं आहे, मी पट्टी बांधून पडून सांगते आहे. झालं ऑपरेशन, आता तरी गप्प बस. घराची दशा विचारू नकोस. चहा म्हणून जे मिळतं ते गरम असतं एवढंच. (हे खोटं आहे. कालचा चहा तिने दोनदा मागून घेतला. – आतोबा.) चादरीच्या घड्या वाकड्या घातल्यात असं मला पट्टीतूनसुद्धा कळतं.

मॅडम चिडतील तर चिडू देत. तू त्यांच्यापासून काही लपवू नकोस आणि तुझ्या लोकांच्या आड येऊ नकोस. मला तुझी काळजी वाटते, पण भीती वाटत नाही.

(ती झोपली आहे. ठके, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्या घरात मी कुणाच्या उपयोगाचा आहे असं पहिल्यांदा वाटतंय. तू तिला दटावलंस, त्याचे आभार. हे तिला सांगू नकोस.)

दोघांचे आशीर्वाद तुझ्या पाठीशी आहेतच.

आत्या आणि आतोबा


२८ जून

ती. आत्यास व ती. आतोबांस,
शि. सा. न. वि. वि.

मॅडम तपासणीला आल्या. एका शिक्षिकाबाईंना पाय बसवायचा होता. त्या उभ्या राहिल्या, चार पावलं चालल्या, छान हसल्या. मला तर सगळं ठीक दिसलं. पण काकांनी मान हलवली आणि मॅडमच्या देखत सांगितलं, की टाच किंचित चुकली आहे, आज पाय देणार नाही, शुक्रवारी या. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, की पाय काकांचा आहे, ते म्हणतील तसं. मॅडम वहीत काहीतरी टिपून निघून गेल्या. मला वाटलं, आटोपलं सगळं.

शुक्रवारी शिक्षिकाबाई चालत घरी गेल्या. आणि काल हुकूम आला. वर्कशॉप राहणार. हल्ली बसवलेला पाय परत येत नाही, त्यामुळे दुरुस्तीत जाणारे दिवस वाचले आणि रांग आपोआप ओसरली. हे मॅडमच्या लक्षात आलं होतं, माझ्या नव्हतं. माझं एकही माणूस कुठे जाणार नाही.

जाणार आहे ती मी. संस्थेच्या दुसऱ्या वर्कशॉपची अशीच रड आहे, तर पहिल्या तारखेपासून मी तिकडे. ज्यांच्यासाठी एवढा आटापिटा केला त्यांनाच सोडून जायचं. मी सगळ्यांना सांगितलं. मला वाटलं, कोणीतरी थांबा म्हणेल, मॅडमना भेटू म्हणेल. पण अबोली उठली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, की ताई, तुम्ही बिनघोर जा, इथलं आम्ही बघतो. मी सामानाच्या खोलीत जाऊन पोटभर रडून घेतलं. वाईट वाटलं आणि तितकाच अभिमान वाटला. डोळे पुसून बाहेर आले, तर सगळे केव्हाच कामाला लागले होते.

लोभ आहेच. सध्या जरा जास्त लागेल.

तुमची,
ठकी