जत्रेदिवशीची ओली होडी

मालवण, ५ नोव्हेंबर १९५८
पुन्हा दत्ताराम! सरहद्दीवर फिरंग्यांनी गोळीबार केला, ती बातमी त्याच्या पेपरात पहिल्या पानावर — माझ्या पेपरात ओळसुद्धा नाही. संपादकांची तार, 'तुम्ही तिथे करता काय?' काय करतो! पोलीस ठाण्याच्या पडवीत उभा राहतो. दत्ताराम आत फौजदारासमोर खुर्चीत बसून बशीतला चहा भुरकतो. अंगाचा नुसता तिळपापड होतो.

९ नोव्हेंबर
सुगंधा देवबागहून बांगडे घेऊन आली. धाकटी बहीण, पण मलाच दटावते! "दादा, त्या दत्तारामाचा नाव सोड नि दोन घास गीळ." तिच्या यजमानांनी, लवूभावजींनी, माझ्यासाठी घड्याळ पाठवलेय. विलायती! यंदा मासळीत बरकत दिसते. दत्तारामाकडे असले नाही.

१७ नोव्हेंबर
खुर्ची मिळाली!! फौजदाराने आपण होऊन आत बोलावले. म्हणाला, "गोव्याहून चोरटा माल होड्यांतून येतो. कुणाच्या, ते दत्तारामना विचारलं, तर म्हणतात ठाऊक नाही." ठाऊक नाही म्हणे! फौजदार पडला घाटावरचा, त्याला दर्यातले काय कळणार? मला राहवेना. सांगून टाकले — देवाच्या जत्रेदिवशी इथे कुणी मासळीला जात नाही. त्या सकाळी ज्याची होडी ओली, तोच तुमचा माणूस.
फौजदाराने लगेच चहा मागवला. "सापडला तर बातमी आधी तुम्हाला."

१८ नोव्हेंबर
आज दत्ताराम पडवीत उभा. काय गार वाटले म्हणून सांगू!

२९ नोव्हेंबर
देवबागची जत्रा. सकाळीच ठाण्यातला शिपाई धापा टाकत आला. ओली होडी सापडली, आत घड्याळेच घड्याळे! नावगाव मागाहून बघू म्हटले, आधी तार. धोतर सावरत धावलो. पाठवली — दत्तारामाच्या आधी!

३० नोव्हेंबर
होडी लवूभावजींची. ते कोठडीत आहेत. सुगंधा कालपासून माझ्या पायरीवर बसलीय. पाणीही घेत नाही. माझ्या मनगटाकडे बघते.
तिन्हीसांजेला दत्ताराम आला. तिच्यासमोरच म्हणाला, "माका दोन वर्सां ठावक होता रे भिकाजी. तुझ्या भयणीचो घोव, म्हणान गप रवलंय."
म्हणजे हीसुद्धा बातमी आधी त्याच्याकडेच होती.