जाड अक्षरांतली मनाई मागे घेण्याबाबत

प्रति,
माननीय बाजार अधिकारी साहेब,
बाजार देखरेख कचेरी, कुंभकोणम्.

विषय : फूलवाली शिवकामी हिला जागेवरून उठवणारा हुकूम हा हुकूमच नसल्याबाबत.

संदर्भ : सदर हुकुमाच्या पन्नास प्रती छापून देण्याविषयी आपल्या कचेरीची मागणी.

महोदय,

१. अर्जदाराचा सन्निधी रस्त्यावर लहानसा छापखाना आहे. आपण आमच्याच मराठी मंडळींपैकी, म्हणून अर्ज घरच्या भाषेत लिहिला आहे. तमिळमध्ये लिहिला असता तर आपल्या कचेरीतल्या सगळ्यांनी वाचला असता, आणि तेवढे धैर्य माझ्यात नाही.

२. गेल्या महिन्यात मद्रासहून इंग्रजी जाड अक्षरांचे नवे खिळे आणले. वळण जुनेच : उभ्या रेघा दणकट, जोड बारीक, आणि प्रत्येक अक्षराच्या पायाशी आडवी पट्टी. ही अक्षरे उभी राहिली की हलत नाहीत. लिलाव, जाहीर सूचना, औषधाच्या बाटलीवरचे 'विष', यांना ती शोभतात. लग्नपत्रिका जुळवून पाहिली, तर वधूला पकडून आणल्यासारखी दिसली. म्हणून नमुन्यासाठी एक मनाई जुळवली. तिचा अर्थ : 'येथे बसून विक्री करण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.' कुणाच्या हुकुमावरून, हे त्यात नव्हते. ते आजवर कुणी विचारलेलेही नाही.

३. अक्षरे किती लांबून वाचता येतात हे पाहण्यासाठी तो कागद समोरच्या भिंतीवर चिकटवला. त्या भिंतीपाशी शिवकामी बसते. मला हात पोचावा म्हणून तिनेच आपली टोपली बाजूला सारली. रस्त्याच्या अलीकडून मी कागद वाचला, खूश झालो, आणि पत्रिकांच्या घाईत तो काढायचा विसरलो.

४. सकाळी आपले शिपाई गुरुमूर्ति आले. त्यांनी कागद वाचला आणि शिवकामीला उठवले. मी दारातच उभा होतो. कचेरीने अखेर एक चांगले काम केले, असे ते मला म्हणाले. साहेब, मी मान डोलावली. धोंडा मी पाडला, पण पाय तिचा होता.

५. संध्याकाळी कागद खरवडायला गेलो, तर गुरुमूर्तींनी सरकारी कागद फाडल्याबद्दल मला दटावले आणि माझ्याच दुकानातली खळ घेऊन तो पुन्हा चिकटवला. चोराच्या मनात चांदणे. मी खळीची वाटी त्यांच्या हातात दिली. त्यानंतर आपली मागणी आली. अक्षरे हीच असावीत, बारीक अक्षरांना लोक जुमानत नाहीत, असेही तीत लिहिले आहे. ते खरे आहे. पण पन्नास भिंतींवर हा कागद लागला, तर शिवकामीला या गावात बसायला जागा उरणार नाही. हे काम मी करणार नाही.

६. काल ती स्वतः दुकानात आली. हल्ली टोपली घेऊन दारोदार हिंडते. उन्हात फुले कोमेजतात. आपल्याकडे अर्ज करायचा आहे, आणि तो त्याच जाड अक्षरांत छापून द्यावा, म्हणजे साहेब ऐकतील, असे ती म्हणाली. मग मला भिंतीपाशी नेले आणि कागदात आपले नाव कुठे आहे ते विचारले. नाव नाही, असे मी सांगितले. तर मग मलाच का उठवले, असे तिने विचारले. शुक्रवारी सकाळी अर्ज छापून देतो, एवढेच मी म्हणालो. जाताना माझ्या कुटुंबासाठी ती मोगऱ्याचा गजरा ठेवून गेली.

७. विनंती अशी की, छपाईची मागणी रद्द करावी, आणि गुरुमूर्तींनी स्वतः शिवकामीला तिच्या जागेवर बसवावे. येता शुक्रवार आडी या तमिळ महिन्यातला, देवीच्या पूजेचा शेवटचा शुक्रवार आहे. तिची वर्षातली मोठी विक्री त्याच दिवशी होते. छापलेला अर्ज न्यायला ती त्याच सकाळी माझ्याकडे येणार आहे. आपले उत्तर गुरुवारपर्यंत मिळावे. ते मिळाले, तर कागद कुणाचा हे मी तिला तोंडाने सांगेन. नाही मिळाले, तर दुकान बंद ठेवून मी मागच्या दाराने निघून जाईन. मी स्वतःला ओळखतो.

आपल्यासमोर उभे राहण्याची लाज वाटते म्हणून कागद पाठवणारा,
सेतुरामराव
कुंभकोणम्, १० ऑगस्ट १९५४

सोबत : सदर नमुन्याची दुसरी प्रत. कृपया ही कोणत्याही भिंतीवर लावू नये.